हॅवलॉकची अठराशे रुपयांची झोपडी: पाचपैकी चार, कडी मी दुरुस्त केली

आधी दाराचं सांगतो. दार लागत नाही. म्हणजे लागतं, पण खाऱ्या हवेनं कडी इतकी गंजलीय की ती बसवायला खांदा लावावा लागतो आणि काढायला दुसरा माणूस लागतो. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. असली कडी दिसली की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपड्यांची मालकीण, म्हणजे दीदी, तिच्याकडून खोबरेल मागून घेतलं, कडी उतरवली, दगडावर घासली, तेल पाजलं आणि परत ठोकली. नंतरचे तीन दिवस चार नंबरचं दार एका बोटानं लागत होतं. तुम्ही गेलात तर चार नंबरच मागा.

जागा अंदमानात, हॅवलॉक बेटावर, बीच नंबर पाचच्या रस्त्याला. बेटाचं सरकारी नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. पण आम्हाला भेटलेले रिक्षावाल्यापासून नारळवाल्यापर्यंत सगळे जुनीच नावं घेत होते, म्हणून मीही तीच लिहितो. झोपड्यांचं नाव मात्र देत नाही. दीदीकडं सहाच झोपड्या आहेत आणि पुढच्या फेब्रुवारीत आम्हाला त्यातल्या तीन परत लागणार आहेत.

आम्ही सहाजण कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतले, शाळेपासूनचे. मी, मास्तर, आप्पा, सुन्या, बंड्या आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे मेडिकल दुकानवाला. पोटात दुखलं तर आम्ही त्यालाच विचारतो, म्हणून डॉक्टर. दरवर्षी दोन दिवस तारकर्ली किंवा गोवा ठरलेलं. यंदा बंड्याच्या डोक्यात अंदमान शिरलं. एका टूरवाल्याकडं चौकशी केली तर माणशी ५२ हजार, मुंबईपर्यंत आपण आपलं जायचं, दुपारचं जेवण ज्याचं त्यानं. आप्पानं कागद परत सरकवला. "एवढ्यात माझ्या पोरीची वर्षाची फी भागते की." मग मास्तरनं वही काढली. शाळेच्या सहली काढून काढून त्याचा हात बसलेला आहे. त्यानं माणशी ३५ हजारांच्या आत बसवून दाखवतो म्हणून पैज लावली आणि जिंकलीही.

कोल्हापूर ते बेंगळुरू रात्रीची स्लीपर बस. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर झोपेत गेलं. सकाळी बेंगळुरूला उतरून वायूवज्र बसनं विमानतळ, आणि तिथून पोर्ट ब्लेअर अडीच तास. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहूनही विमानं उडतात, पण तिथून जोडून पुढं जायचं तर खिसा फाटत होता. बसनं माणशी बरेच पैसे वाचले. आप्पाच्या कमरेनं त्याची वसुली केली, ते वेगळं.

पोर्ट ब्लेअरचं नवं टर्मिनल शिंपल्याच्या आकाराचं आहे, २०२३ ला सुरू झालं. दुपारी सामान टाकून थेट सेल्युलर जेल. बाकीचं लोक लिहितात तेवढं मी लिहीत नाही. एकच सांगतो. सात पाखांपैकी आता तीनच उभी आहेत, आणि आवारात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय. मी यंत्रातला माणूस, त्यामुळं कोलूभोवतीच घुटमळलो. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढून घ्यायचं. दांड्याची लांबी, खुंट्याचा घेर बघून मी मनात हिशोब केला की याला किती जोर लागत असेल, आणि मग तो हिशोब सोडून दिला. सुन्यानं विचारलं, "आपल्यातलं कोण होतं का रं इथं?" मास्तर म्हणाला, १८५७ नंतर आपल्या चिमासाहेब महाराजांना इंग्रजांनी उचललं, पण त्यांना कराचीला नेलं, ते तिथंच वारले. त्यावर कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी दीदीनं खोबरेलाची बाटली हातात दिली तेव्हा मला तो कोलू परत दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी बोट. हॅवलॉकला दोन प्रकारांनी जाता येतं. खासगी क्रूझ: एसी, बंद काचा, टीव्ही, दीड तास. सरकारी बोट: अडीच तास, आणि तिकीट खासगीच्या निम्म्याहूनही कमी. मास्तरनं सरकारी तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवली होती. हा आमच्या सहलीतला सगळ्यात शहाणा निर्णय. खासगीत तुम्ही एसटीच्या शिवनेरीत बसल्यासारखे बसता, समुद्र काचेपलीकडं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. बरोबर शाळेची पोरं, कोंबड्यांच्या पिलांच्या पेट्या, एक दुरुस्त करून आणलेला पंप, बाजार करून निघालेल्या बायका. बोट लागू नये म्हणून डॉक्टरनं सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि स्वतःच विसरला. त्याचं पुढचं अर्धा तास काय झालं ते त्याच्या दुकानाच्या प्रतिष्ठेसाठी लिहीत नाही. उडणारे मासे मात्र त्यालाच पहिल्यांदा दिसले, कारण कठड्यावरून खाली तोच बघत होता.

आता झोपडी.

भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर झावळ्या, त्याच्या आत पत्रा. दोन माणसांना एक, रात्रीचे अठराशे. आत एक पलंग, मच्छरदाणी, पंखा, आरशाचा तुकडा. मागं न्हाणी. पाणी किंचित मचूळ, साबणाला फेस येत नाही, तीनदा घासून बंड्या म्हणाला, "साबण खोटा हाय." साबण खोटा नाही, पाणीच जड आहे. मच्छरदाणीला भोकं होती ती डॉक्टरनं चिकटपट्टीनं बुजवली. बेटावरची वीज जनरेटरवर चालते आणि रात्री दोनला हमखास गेली. पंखा थांबला की पहिल्यांदा समुद्र ऐकू येतो आणि मग आप्पाचं घोरणं, दोन झोपड्या पलीकडून, कारण तट्ट्याच्या भिंतीला आवाज थांबवायचं काम माहीत नाही. पहाटे पत्र्यावर नारळ पडला. सुन्या "भूकंप, भूकंप" करत चड्डीवर बाहेर आला.

तरी चार गुण देतो, आणि ते बहुतेक दीदीचे आहेत.

दीदीचं घर बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटांवर जमिनी देऊन वसवलं, त्यातलं हे एक कुटुंब. तिचे सासरे लहानपणी कलकत्त्याहून बोटीनं आले. इथल्या वस्त्यांची नावं बघा: गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. घर सोडून आलेल्या माणसांनी बेटावर सगळा गोकुळाचा पत्ता लिहून टाकलाय. म्हातारबांना आम्ही "दादू" म्हणायचो. ते संध्याकाळी जाळं विणत बसायचे आणि आमच्या मराठीकडं कान लावून मधेच एखादा शब्द पकडायचे. "जल तुमी 'पाणी' बोलता, आमी भी 'पानी' बोलता," असं काहीतरी.

कोल्हापूरचा माणूस प्रवासाला निघाला की पिशवीत भडंग आणि कांदा-लसूण चटणी असतेच. आप्पानं पहिल्याच रात्री चटणीची पुडी स्वयंपाकघरात नेऊन दिली. म्हणाला, "दीदी, रस्सा जरा झणझणीत होऊ दे." दीदीनं पुडी उघडली, वास घेतला, खोकली आणि परत दिली. "इसमें तो तुम मछली नहीं, खाली मसाला खाएगा." आप्पाचा चेहरा पडला. ताटात आलं ते मोहरी वाटून केलेलं टूनाचं पातळ कालवण, हिरव्या मिरच्या उभ्या चिरलेल्या, वर कच्चं मोहरीचं तेल. पहिला घास नाकात गेला. दुसऱ्या घासाला कळलं की माशाला स्वतःची चव असते. चाळीस वर्षं तांबड्या रश्श्यात मासा बुडवून खाणाऱ्या माणसांना हे मान्य करायला जड जातं, पण दीदी बरोबर होती. आप्पानं तीनदा भात घेतला आणि चटणी गुपचूप भडंगात मिसळून संपवली.

सुन्याचा गूळ मात्र तिनं ठेवून घेतला. सुन्याचं शियेला गुऱ्हाळ आहे. ऐन हंगामात हा बेटावर निघाला म्हणून वहिनींनी तीन दिवस त्याचा फोन उचलला नव्हता. तरी पाच किलोची ढेप सामानात होती. विमानतळावर बॅग उघडायला लावली, ढेपेवर बोटानं टकटक करून बघितलं. दीदीनं तिसऱ्या दिवशी त्या गुळाचं पायेश केलं, म्हणजे आपली तांदळाची खीरच, आणि दादूंनी वाटी चाटून सुन्याला विचारलं, "ये ताड़ का नहीं है?" उसाचा म्हटल्यावर मान हलवली, पण वाटी पुढं केली.

जेवण माणशी दिवसाला सातशेच्या आसपास. नाश्त्याला पुरी-भाजी. शाकाहारी माणसाचे थोडे हाल आहेत, मास्तर शनिवार पाळतो, त्याला बटाटा आणि वांगं यापलीकडं फार काही मिळालं नाही.

आता जे फोटोत दिसत नाही ते. आम्हाला झोपडी "समुद्राला लागून" म्हणून सांगितली होती. खोटं नाही. सकाळी आठला पाणी अगदी झावळीच्या सावलीपर्यंत होतं, हिरवं, स्वच्छ, पोरांच्या चित्रातल्यासारखं. आंघोळी उरकून, भडंग खाऊन, टॉवेल खांद्यावर टाकून अकराच्या पुढं आम्ही उतरलो, तर समुद्रच नाही. लांबवर एक निळी रेघ, आणि मधे नुसता खडक, शेवाळ, मेलेलं प्रवाळ, खेकडे. बंड्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाणी कुणी सोडलं रं?" राधानगरी धरणाचे दरवाजे उघडावेत तसं.

बीच पाच उथळ आहे, ओहोटीला पाणी फार आत जातं. पोहायचं ते भरतीच्या आगेमागेच. समुद्रावरच्या माणसाला हे सांगायला लागत नाही, पण आम्ही नदीकाठची माणसं. आमचं पाणी जुलैत येतं, गणपतीपर्यंत राहतं, त्याची वेळ पेपरात छापून येते. मास्तरनं मग दादूंकडून भरतीची वेळ विचारून वहीत कोष्टक केलं: रोज साधारण ५० मिनिटं पुढं. पुढचे तीन दिवस आमची सहल त्या कोष्टकावर चालली. ओहोटी असेल तेव्हा स्कूटर, जेवण, झोप. भरती आली की सगळे पाण्यात. दीदीनं हे आल्या दिवशी सांगायला हवं होतं, आणि यासाठी मी अर्धा गुण कापलाय. उरलेला अर्धा कडीसाठी.

सूर्याचंही तसंच. घड्याळ आपलंच, पण बेट आपल्या पूर्वेला इतकं लांब की फेब्रुवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. कोल्हापुरात त्या वेळी दुपारच्या चहाचे कप विसळायचे असतात. पहिल्या दिवशी आम्ही राधानगर बीचला "संध्याकाळी सहाला जाऊ" म्हणून निघालो आणि अंधारात पोहोचलो. वाळू पायाला लागत होती, दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच स्कूटरी काढल्या.

राधानगर बीचला २००४ साली टाइम मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, आणि २०२० ला त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचा शिक्का, मिळाला. जाहिरातीत हे इतक्यांदा येतं की मला आधीच राग आला होता. शिवाय नाव. आमच्याकडं राधानगरी म्हणजे शाहू महाराजांनी लेकीच्या नावानं वसवलेलं गाव, धरण, दाजीपूरचे गवे. राधानगर नावाची दुसरी जागा जगात भारी कशी असेल? जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर रस्ता, शेवटी उंच जाड झाडांची रांग, आणि झाडं संपली की एकदम.

रांगोळीसारखी वाळू. पांढरी, बारीक, पायाला न चटकणारी. खडक नाही, ओहोटीचा घोळ फारसा नाही, तळ हळूहळू उतरत जातो. मी छातीइतक्या पाण्यात उभा राहिलो आणि खाली बघितलं तर माझ्या पायाची बोटं दिसत होती. दहाच्या दहा. हे ऐकून हसू नका. मी पंचगंगेत पोहायला शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून; पूर चढला की घाटावरच्या देवळांवरून उड्या मारल्या. त्या पाण्यात कोपर बुडालं की हात दिसत नाही. चाळीस वर्षं पोहतोय, पण पाण्यात असताना स्वतःचे पाय मी पहिल्यांदाच बघितले. थोडा वेळ पोहायचं विसरून नुसता बोटं हलवत उभा राहिलो.

एक इशारा. नेमून दिलेली हद्द सोडून आडबाजूला पोहायला जाऊ नका. इथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरजवळच्याच एका खाडीवजा किनाऱ्यावर एका परदेशी पर्यटक मुलीचा मगरीनं जीव घेतला होता. सुन्याला वाटलं जीवरक्षक उगाच शिट्ट्या मारतोय. सांगलीकडं कृष्णेतल्या मगरींच्या बातम्या वाचणाऱ्या माणसानं तरी असं वाटून घेऊ नये.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. तिसऱ्या दिवशी एलिफंट बीच. जेट्टीवरून बोट जाते, वीसेक मिनिटं, तिथं स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. जेट्टीवरचा दर ऐकून आमच्यातला कोल्हापुरी व्यापारी जागा झाला. बाजूला एकजण उभा होता, तो म्हणाला सातशेत नेतो, सगळं धरून. आम्ही खूश. मीच घासाघीस केली, त्यामुळं पुढचं पाप माझ्या खात्यावर.

मास्कचं रबर वाळून कडक झालेलं. वॉशर गेलेला नळ कसा गळतो तसं आत पाणी येत होतं. मी कारखान्यात असला वॉशर कुणाला दुसऱ्यांदा वापरू देत नाही, आणि इथं तो स्वतःच्या नाकावर चढवला. मास्तरच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, त्याला सुतळी बांधली होती. सुतळी! सांभाळायला पोरगा एक आणि आम्ही सहा. मास्तरला पोहता येत नाही. पन्नास फुटांवर त्याच्या मास्कमध्ये पाणी गेलं, त्यानं नळी तोंडातून काढली, खारं पाणी घशात, आणि दोन्ही हात वर. मी आणि डॉक्टरनं त्याला दोन्हीकडून धरून आणलं. झालं काही नाही. दोन मिनिटांचा खेळ. पण किनाऱ्यावर बसून तो बराच वेळ बोलत नव्हता. वही उघडून उगाच जुनी पानं बघत होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि मलाही काही सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "पैज मी जिंकलो असतो की, सातशेवाल्याकडं नसतो गेलो तरी."

त्या संध्याकाळी ठरलं की स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून बुडी, करायचं तर नीट जागी, दर न विचारता. मास्तर सोडून. तो म्हणाला मी वरून बघतो.

बीच तीन-पाचच्या पट्ट्यात स्कूबाची बरीच केंद्रं आहेत. आम्ही दोन ठिकाणी फक्त सामान बघून बाहेर पडलो. तिसऱ्या ठिकाणी सूट वाळत घातलेले, सिलिंडर ओळीत, रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेले. मला तेवढं पुरलं. जो माणूस हत्यारं धुऊन ठेवतो त्याच्या हाताखाली मी काम करायला तयार असतो. आधी प्रकृतीचा फॉर्म. आप्पाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरचं पत्र मागितलं. आमच्या डॉक्टरनं छाती पुढं काढली, पण मेडिकलवाल्याचं पत्र चालत नाही म्हणाले. आप्पा बाद. पैसे माणशी चार हजार, आणि त्यांनी एक गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून मला ते चार हजार कमीच वाटले.

माझा प्रशिक्षक कॅरेन जमातीचा होता. या लोकांना इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास जंगलाच्या कामासाठी ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात वसवलं. आता त्यांची बरीच पोरं स्कूबात आहेत. बोलणं कमी. अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात नुसता सराव: तोंडानं श्वास, नाक दाबून कानातला दाब सोडवायचा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकानं फुंकून बाहेर काढायचं. हे शेवटचं त्यानं माझ्याकडून पाचदा करून घेतलं. आदल्या दिवशी सातशेवाल्यानं एकदाही सांगितलं नव्हतं.

खुणा महत्त्वाच्या. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केलं म्हणजे "ठीक". अंगठा वर म्हणजे "मला वर ने". बंड्यानं हे ऐकलं, मान डोलावली आणि विसरला. खाली पहिला मासा दिसला की यानं खुशीत अंगठा वर केला, एक नंबर! प्रशिक्षक त्याला घेऊन वर. परत खाली. परत मासा, परत अंगठा. असं तीनदा. वर आल्यावर म्हणतो, "निम्म्या पैशात त्यानं मला लिफ्टमधून फिरवलं."

मी खाली किती वेळ होतो ते आठवत नाही. दहाएक मीटर असेल. मनगटाला अंबाबाईच्या देवळातला लाल दोरा होता, तो तिथं काळपट दिसत होता. पाणी लाल रंग आधी खातं, प्रशिक्षकानं नंतर सांगितलं. शिंगाड्यासारखी टोकदार प्रवाळं, काही रंगीत, काही राखेसारखी मेलेली. २०१० ला समुद्र तापला तेव्हा इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. एक मोठा निळा-हिरवा पोपट मासा प्रवाळाचा टवका तोडत होता आणि त्याचा आवाज येत होता. करकर, करकर, ग्राइंडरवर जाड पत्रा धरल्यासारखा. हा मासा प्रवाळ दळून मागच्या बाजूनं वाळू करून सोडतो. म्हणजे किनाऱ्यावरची ती रांगोळी थोडी यांच्या कारखान्यातली. मी तिथंच थांबलो. प्रशिक्षक पुढं चल म्हणून खूण करत होता, मी गोल करून दाखवला आणि हललो नाही.

वर आलो तेव्हा मास्तर बोटीच्या कठड्याला धरून पाण्यात पाय सोडून बसला होता. "दिसलं का रं काही?" म्हणाला. मी त्याला पोपट माशाचा आवाज काढून दाखवला.

स्कूबा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. निदान १८ तास मधे हवेत. आम्ही ते मास्तरच्या कोष्टकामुळं बरोबर ठेवलं होतं.

नील बेट राहिलं. चार रात्रींत दोन्ही बेटं करणारे लोक बोटीतच जास्त दिसले, आम्हाला त्यांचा हेवा वाटला नाही. दारूचं विचाराल तर किनाऱ्यावर बंदी आहे. आम्हाला त्याची अडचण झाली नाही असं मी लिहितो, घरचेही वाचतात. रोख पैसे जास्त न्या, एटीएम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्याची खाज कोल्हापुरात आल्यावरही आठवडाभर पुरली. डॉक्टरच्या दुकानातली मलमं तेवढ्यापुरती संपली.

येताना सरकारी बोट भरलेली, म्हणून खासगीनं आलो. गार हवा, मऊ खुर्ची, काचेवर मीठ. सगळे झोपले. विमानतळावर बंड्याच्या बॅगेतून प्रवाळाचा तुकडा निघाला. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे, उचलून नेता येत नाही. दादूंनी त्याला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. तो काढून ठेवावा लागला, वर बोलणी.

माझा हिशोब, मास्तरच्या वहीतून: बस येऊन-जाऊन २८००, विमान १३,०००, पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री १२००, बोटी १९००, झोपडी चार रात्रींचे माझे ३६००, स्कूटर आणि पेट्रोल १२००, जेवण ४२००, एलिफंट बीच ७००, स्कूबा ४०००, किरकोळ ५००. एकूण ३३,१००. विमानाची तिकिटं आम्ही नोव्हेंबरात काढली होती. उशीर केलात तर हा आकडा धरू नका. आणि हातात दोनच दिवस असतील तर गुमान तारकर्लीला जा, गगनबावड्याचा घाट उतरला की समुद्र.

दीदीला पुढच्या वर्षीच्या तीन झोपड्यांचा फोन केलाय. चार नंबरची कडी अजून चालतेय म्हणाली, बाकीच्या पाचांसाठी येताना काहीतरी घेऊन या. मी पितळेच्या कड्या करायला घेतल्यात, गंजायला नकोत. पितळेचे पैसे सहांत वाटायचे ठरलंय, पण बंड्याकडून स्कूटरचे ११४० रुपये अजून यायचेत.